उनोस्केची रांग

नवऱ्याची आठवण येते का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. काय सांगू, कपाळ! लग्नानंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा, एवढाच आमचा संसार. त्यातही उनोस्के दिवसभर उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून काम करायचा, म्हणजे माझ्या वाट्याला यायची ती पाठ. चेहरा आठवायला गेलं की गालावरचा एक तीळ आठवतो, आणि तोही डाव्या की उजव्या, ते नक्की सांगता येत नाही. पण त्याचा हात मला माहीत आहे. कुठल्या बायकोला नवऱ्याचा हात माहीत नसेल इतका माहीत आहे. तो मला सासूबाईंनी शिकवला, उनोस्के गेल्यावर.

आमच्याकडे तलवारीच्या साजाचं काम चालायचं. मुठीची कडी, टोपणं, म्यानात खोचायच्या सुरीची मूठ, असलं सगळं. त्यावर बगळे, लाटा, सिंह कोरायचे ते कुरिहारा उस्ताद. आम्ही नुसती जमीन करायचो. चित्राच्या मागे बारीक बारीक दाणे दिसतात ना, माशाच्या गाभोळीसारखे, एकाला एक चिकटून, रांगेत? ते आमचं. पोलादी खिळ्याच्या टोकाला खसखशीएवढा खळगा असतो. खिळा धातूवर उभा धरायचा, हातोडीने ठोकायचा, एक दाणा उठतो. त्याच्या शेजारी दुसरा. रांग संपली की पुढची रांग. सकाळपासून उजेड जाईपर्यंत हेच, आणि मरेपर्यंत हेच. एकदा उठलेला दाणा पुसता येत नाही. लोक चित्राला वाहवा करतात आणि जमिनीकडे बघतात ते चूक शोधायला.

उनोस्केच्या हाताला उस्ताद फार मानायचे. त्याची एक खोड होती. हातातली रांग पुरी झाल्याशिवाय तो उठायचा नाही. आमच्या एदो शहरात आगी काय कमी लागतात, पण गल्लीच्या टोकाला घंटा वाजत असताना हा रांग पुरी करून मग बाहेर आलेला मी पाहिलाय. दुपारी सासूबाई आतून ओरडायच्या, "उनोस्के, भात निवतोय!" हा म्हणायचा, "रांग पुरी करतो." पुन्हा टक्-टक, टक्-टक. "मग रांगच खा आज! मी भात मांजराला घालते!" मांजर आमच्याकडे नव्हतंच. हे रोजचं होतं आणि मला ते ऐकायला आवडायचं.

मग पटकीची साथ आली. त्या उन्हाळ्यात स्मशानात जळण पुरेना. आमच्या गल्लीत सकाळी टोफू विकून गेलेला माणूस दुसऱ्या सकाळी आलाच नाही, आणि कोणी चौकशीही केली नाही. त्या दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली. उनोस्के म्हणाला, "रांग पुरी करतो." सासूबाई चिडल्या होत्या, उकाडाच तसा होता. "मर तिथेच!" म्हणाल्या. आपण सगळेच म्हणतो असं. थोडा वेळ ठोके ऐकू आले आणि मध्येच थांबले. मला वाटलं, उठला. मी वाटी वाढायला घेतली. तो खिडकीखाली आडवा पडला होता आणि चटई ओली झाली होती. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं.

मागे राहिली ती अर्धी पट्टी. सुरीच्या मुठीची, बोटभर रुंद, ठोकताना हलू नये म्हणून राळेच्या वाटीत बसवलेली. तांब्यात चिमूटभर सोनं घातलेला धातू, जो शेवटी उकळून काळा करायचा असतो. वर चित्र यायचं नव्हतं, नुसते दाणे, एखाद्या मानी माणसाच्या दरबारी तलवारीसाठी. अर्ध्यापर्यंत दाणे, पुढे कोरी. आणि मधोमध एक रांग अर्धवट. उनोस्केने आयुष्यात सोडलेली ती एकच रांग.

कुरिहारा उस्ताद भेटायला आले, उदबत्ती लावली, आणि जाताना चाचरत म्हणाले, "इसोबाई, पट्टी मी दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घेतो. दोन हातांचा सांधा दिसतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या सांध्यावर मी एक रानहंस बसवीन. सोन्याचा. कोणाला कळणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराच्या कामावर कुणाचा हंस बसणार नाही."

"मग काय करणार?"

"बघू."

वाटी त्यांनी घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवली, वर फडकं घालून. रोज सकाळी पाणी ठेवायचं, उदबत्ती लावायची, मग फडकं उचलून त्या अर्धवट रांगेच्या शेवटच्या दाण्यावर बोटाचं टोक टेकवायचं. सासूबाईंचे डोळे तोवर जवळजवळ गेले होते. जन्मभर दाणे मारलेल्या बाईच्या डोळ्यांचं दुसरं काय होणार? पण बोट बरोबर तिथेच जायचं. "इथपर्यंत आला होता माझा," असं म्हणायच्या आणि राखेने ती जागा पुसून ठेवायच्या, कारण आमच्या धातूला बोटाचा चिकटपणा चालत नाही, डाग राहतो. मी चुकून जरी हात लावला तरी हातावर फटका बसायचा. बोट टेकवायची परवानगी फक्त त्यांना.

सुतक फिटल्यावर माझा भाऊ सेंजूहून मला न्यायला आला. मूलबाळ नाही, मग ही इथे राहून करणार काय? माझी भावजय कशी आहे ते मी सांगत बसत नाही. माझं अंथरूण चुलीशेजारी कोळशाच्या पोत्याला लागून घालायचं, हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं, एवढ्यावरून काय ते समजा.

सासूबाई भावाला म्हणाल्या, "ती येणार नाही. ती पट्टी पुरी करणार आहे."

भाऊ हसला. "चिसे? अहो, हिला सुई ओवता येत नाही."

"म्हणूनच. ज्यांना येतं त्यांचे हात पक्के झालेत, ते वळत नाहीत. हिचा कोरा आहे." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐक. तुला मी उनोस्केचा हात शिकवते. ही पट्टी त्याच्या हाताने पुरी कर. ज्या दिवशी होईल त्या दिवशी तू मोकळी. मग स्वतःचा खिळा घडव, स्वतःचं काम कर, ही खिडकी तुझी, हे घर तुझं. मी मध्ये बोलणार नाही. नको असेल तर जा भावाबरोबर, मी अडवत नाही."

मी खिडकीकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं. भाऊ एकटाच परत गेला.

शिकणं कसलं, छळ होता तो. तांब्याचे तुकडे राळेत बसवायचे आणि रांगा मारायच्या. सासूबाई माझ्या मागे डोळे मिटून बसायच्या आणि ऐकायच्या. "कोपर बरगडीला लाव. त्याचं लागलेलं असायचं. एक दाणा दोन ठोक्यांत. पहिला हलका, विचारल्यासारखा. दुसऱ्याला दाब. आणि दुसऱ्याला श्वास सोड. सोड म्हटलं ना! श्वास धरून काय पाण्यात बुडी मारतेस?" खिळा तो किंचित स्वतःकडे कलवून धरायचा, म्हणून मीही कलवायचे. पाय तो डावीकडे घेऊन बसायचा, म्हणून माझेही डावीकडे. माझ्या उजव्या गुडघ्यात अजून कळ येते ती तेव्हापासूनची. बसायला त्याचीच गादी. अंगात त्याचाच जुना अंगरखा, कारण बाही लोंबली की ठोका बदलतो म्हणे.

शेजारीण एकदा दारातून डोकावून म्हणाली, "अगं बाई, चिसे, मागून बघितलं तर उनोस्केच बसलाय. आता तेवढी दाढी वाढव."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या शेजारणीच्या आवाजाकडे कान लावून म्हणाल्या, "पुन्हा म्हण. खरंच तसं दिसतं?"

मी मान खाली घालून पुढचा दाणा मारला.

उनोस्केचा खिळा, त्याने या पट्टीसाठी घडवलेला, तो कापडात गुंडाळून ठेवला होता. सरावाला तो मिळायचा नाही, तोंड झिजेल म्हणून. त्याच्यासारखे दुसरे घडवून मी सराव करायचे, आणि पोटासाठी तंबाखूच्या बटव्यांची जाडीभरडी कामं. पट्टीला हात लावायची परवानगी मिळेपर्यंत वर्षं गेली. दोन वेळा मी गाठोडं बांधलं. दोन्ही वेळा कोळशाचं पोतं आठवलं आणि सोडलं.

पण सासूबाई सार्वजनिक न्हाणीघरात जायच्या तेव्हा घर माझं असायचं. मग मी पाय पसरून, हवी तशी बसून, फुटक्या तुकड्यावर माझे दाणे मारायचे. एकच ठोका, हलका. दाणे बारके, फार दाट, आणि रांग थोडी वर चढत जाणारी. मला कोणी शिकवलं नव्हतं तसं, हातच जायचा. मारताना मी गुणगुणायचे. ते तुकडे मी राखेच्या डब्यात लपवायचे. त्या तेवढ्या वेळासाठी मी आठवडा काढायचे, खरंच सांगते.

एकदा उस्ताद आले होते, चिलीम झाडायला त्यांनी राखेचा डबा ओढला आणि त्यातून एक तुकडा वर आला. त्यांनी तो खिडकीशी नेला. तिरपा केला.

"हे कुणाचं?"

सासूबाई म्हणाल्या, "काय आहे? कचरा असेल."

"कचरा नाही, इसोबाई. सूनबाई, तुझं का हे?"

मी मान हलवली.

"उनोस्केचा हात चांगला होता, त्यात शंका नाही. पण हे वेगळं आहे. असं मी पाहिलेलं नाही. माझ्या चिमण्यांना अशीच जमीन हवी असते, आजवर मिळाली नाही. मला हा हात द्या."

"पट्टी झाली की न्या," सासूबाई म्हणाल्या.

"तोवर हा राहील का?"

"हात कुठे जातोय? मनगटाला चिकटलेला आहे."

उस्तादांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो मी शिवणाच्या डब्यात ठेवला आणि त्यानंतर पट्टी लवकर पुरी करायची घाई मला सुटली. आपला हात कोणाला तरी हवाय, हे ऐकलंय का तुम्ही कधी? मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण घाईत मी एक केलं. न्हाणीघराच्या वेळेला सुद्धा उनोस्केचाच सराव करायला लागले. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे, मग आयुष्यभर माझंच मारायचंय.

शेवटी एका वसंतात सासूबाईंनी डोळे मिटून माझे ठोके ऐकले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उठल्या, देव्हाऱ्यासमोरची वाटी आणली, खिळ्यावरचं कापड सोडलं आणि म्हणाल्या, "घे."

मी पट्टी उजेडात धरली. नाक टेकवून त्याच्या रांगा बघितल्या. आजवर सासूबाई मला पट्टीला नीट हात लावू देत नव्हत्या, त्यामुळे इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. वरच्या सगळ्या रांगा ओळखीच्या होत्या, जशा मी आता मारत होते तशाच. पण खाली येता येता काहीतरी बिघडलं होतं. दाण्यांत अंतर पडायला लागलं होतं. काही दाणे खोल, काही वरवर. आणि त्या अर्धवट रांगेत तर दुसरा ठोकाच नव्हता. नुसते विचारल्यासारखे हलके दाणे, एकामागून एक.

"काय झालं? मार ना," सासूबाई म्हणाल्या.

"आई, इथे जोडता येणार नाही."

"का?"

"मी शिकले तो हात धडधाकट माणसाचा आहे. इथे तो आजारी होता. खालच्या रांगांत बघा, हात लावून बघा. दुसरा ठोका द्यायची ताकद नव्हती त्याला."

त्यांनी हात लावला. इतकी वर्षं त्या फक्त शेवटच्या दाण्यावर बोट टेकवत होत्या. आता पहिल्यांदा बोट मागे नेलं, वरच्या रांगेवर, त्याच्या वरच्या, आणि पुन्हा खाली. असं कितीतरी वेळ चाललं होतं. मग मला विचारलं, "म्हणजे मी भातासाठी ओरडत होते तेव्हा?"

"हो."

"सकाळपासून?"

"सकाळपासून असेल."

"आणि बोलला नाही मेला." एवढं म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या. मी जेवायला हाक मारली, आल्या नाहीत. त्यांचा भात मी झाकून ठेवला आणि तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, उदबत्ती झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग तसंच मार."

"कसं?"

"आजारी. जिथे तो आहे तिथून उचल त्याला. आणि एकेका रांगेत बरा कर."

धंद्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं, सांधा लपवायचा तर दुसरा मार्गच नव्हता. आजारी रांगेला एकदम धडधाकट रांग चिकटवली तर आंधळ्यालाही दिसली असती. पण त्या बाईच्या तोंडून ते ऐकून मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते, नवरा गेला तेव्हा सुद्धा.

आता आजारी माणसाचा हात आणायचा कुठून? मी विहिरीवरून पाणी ओढायचे, अर्ध्या गल्लीचं, दंड थरथरेपर्यंत, आणि मग तुकड्यावर मारायला बसायचे. कधी उपाशी बसायचे. सासूबाई ऐकायच्या. "नाही, हा दमलेल्याचा ठोका आहे. तो दमला नव्हता, त्याला मळमळत होतं." "हं. हा. आता आला. हा तोच आहे." शेजाऱ्यांना वाटायचं, सासू सुनेला राबवून मारतेय. वाटो बापडे.

मग मी उनोस्केची अर्धवट रांग त्याच्याच खिळ्याने पुरी केली. तापलेल्या, कापणाऱ्या हाताने. त्या रात्री देव्हाऱ्यात उनोस्केसाठी रोजच्या भाताऐवजी पेजेची वाटी दिसली.

रोज दिवे लागायच्या आधी सासूबाई विचारायच्या, "आज कसा आहे?"

"आज तसाच आहे. पण हात कमी कापतोय."

पेज. पुन्हा पेज. मग एके दिवशी मी म्हटलं, "आज मधूनमधून दुसरा ठोका देतोय," आणि देव्हाऱ्यात मऊ भात आला, वर खारवलेलं आंबट अलूबुखार. पानं पिवळी व्हायला लागली तेव्हा मी सांगितलं, "आज प्रत्येक दाण्याला दोन ठोके आहेत, आई. श्वासही सोडतोय." सासूबाई उठून आत गेल्या. चूल पेटल्याचा आवाज आला, आणि त्या दिवशी उनोस्केला पोटभर साधा भात मिळाला, मासळीसकट. पुढच्या रांगा म्हणजे नुसती मजा होती. धडधाकट तरुण माणूस, सकाळी उठतोय, खिडकीशी बसतोय, दाणे मारतोय. मी त्याच्याशी कधी इतकी बोलले नव्हते जितकी त्या शरदात बोलले. आणि ते काही बोलणं नव्हतं म्हणा, मी एकटीच टकटक करत होते. पट्टीच्या टोकाला शेवटची रांग लागली, ती मी पुरी केली आणि मगच उठले.

रंग चढवायचं काम थंडीत ठेवलं, तेव्हा मुळा तिखट आणि रसाळ असतो. उस्ताद स्वतः आले. सासूबाईंनी मुळा किसला, त्याला डोळे लागत नाहीत. पट्टी राळेतून सोडवून, कोळशाच्या भुकटीने घासून, रंग एकसारखा धरावा म्हणून मुळ्याच्या रसात बुडवून मी चिमट्याने तांब्याच्या भांड्यातल्या मोरचुदाच्या उकळत्या निळ्या पाण्यात सोडली. कच्च्या धातूच्या चकाकीत पुष्कळ काही लपून जातं. काळा रंग आला की मग काहीच लपत नाही. पट्टी लालसर होती, मग तपकिरी झाली, मग हळूहळू कावळ्याच्या ओल्या पंखासारखी काळीनिळी. मी ती बाहेर काढून पाण्यात धुतली आणि उस्तादांच्या पुढे फडक्यावर ठेवली.

त्यांनी ती फडक्यातच उचलून खिडकीशी नेली. तिरपी केली, उलटी केली, पुन्हा तिरपी केली. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितली.

"सांधा कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी जवळ गेले. बघितलं. मला दिसेना. टोकापासून टोकापर्यंत एकच माणूस बसून मारत होता. मध्ये कुठेतरी त्याला जरासं बरं वाटत नव्हतं, आणि मग बरं वाटलं होतं, बस्. पण तो कुठल्या दाण्याला थांबला ते खुद्द मला सापडेना.

"सांधा नाही," उस्ताद म्हणाले. "इसोबाई, सांधाच नाही हो!"

सासूबाईंनी हात पुढे केला. "इकडे आणा."

"ओली आहे अजून, डाग..."

"आणा म्हणते ना."

त्यांनी पट्टी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं बोट फिरवायला लागल्या. रोजच्या सवयीने बोट मधोमध गेलं. तिथे थांबलं. पुढे गेलं. मागे आलं. पुन्हा पुढे. आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग ते गेलं. बोट भरभर फिरायला लागलं, अंधारात पडलेली वस्तू शोधावी तसं.

"कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "इथे होता. इथपर्यंत आला होता. चिसे, कुठे संपला माझा? रोज सापडायचा गं मला, कुठे गेला?"

उस्ताद खिडकीबाहेर बघायला लागले. मी खाली बसले, सासूबाईंचं बोट हातात घेतलं आणि ते एका दाण्यावर टेकवलं. कुठल्या, ते देवाला माहीत. तो दाणा त्याचा होता की माझा होता, मी आजही सांगू शकणार नाही.

"इथे, आई. इथपर्यंत तो. इथून पुढे मी."

बोट थांबलं. त्यांनी तिथे अंगठा दाबून धरला, बराच वेळ. मग सुस्कारा सोडला.

"हं. कळतंय ना. लगेच कळतं. इथून पुढे हात जड आहे. कितीही शिकवलं तरी तुझा तो तुझाच."

"हो, आई," मी म्हटलं.

पट्टीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, अगदी स्पष्ट, रेघारेघांसकट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातावर फटके मारलेल्या बाईचा अंगठा. पुन्हा घासून पुन्हा उकळायला हवी होती. मी उस्तादांकडे बघितलं. त्यांनी पट्टी तशीच फडक्यात गुंडाळली. "सुरी तशीही म्यानाच्या अंगाकडच्या बाजूला बसते," म्हणाले. "कोण बघतंय." दारात मला हळूच म्हणाले, "सूनबाई, आता तुझं काम पाठव. मी वाट बघतोय."

सासूबाईंनी शब्द पाळला, ते कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपलं अंथरूण आतल्या खोलीत नेलं आणि खिडकी मला दिली. मी नवा खिळा घडवला, बारका. उनोस्केची गादी काढून टाकली. त्याचा अंगरखा धुऊन, घडी करून ठेवला आणि माझा अंगात घातला. पाय पसरून बसले, हवी तशी. शिवणाच्या डब्यातला तो तुकडा शेजारी ठेवला. नवीन तांब्याचा पत्रा घेतला आणि मारायला लागले.

थोड्या दाण्यांनंतर थांबून बघितलं. टक्-टक. एकेक दाण्याला दोन ठोके. म्हटलं, सवय आहे, जाईल. एकच ठोका मारायचा ठरवलं. मनाशी मोजून एकच ठोका मारला, आणि दाणा अर्धवट, आजारी दिसला. रांग वर चढू द्यायचा प्रयत्न केला, ती आज्ञाधारक पोरासारखी सरळ गेली. गुणगुणायला गेले तर श्वास दुसऱ्या ठोक्याला सुटत होता, सूर धरायला श्वासच उरत नव्हता. माझं कोपर बरगडीला चिकटलं होतं. पाय कधी डावीकडे घेतले होते ते मला कळलंही नव्हतं. शेजारच्या त्या जुन्या तुकड्यावर कोणा मुलीने मारलेले दाट, हलके, वर चढणारे दाणे होते. छान होते. उस्ताद उगीच भुलले नव्हते. मी त्या मुलीचा हात शोधत सबंध सकाळ मारत राहिले, रांगेमागून रांग, आणि पत्रा भरत गेला.

आतून भाताचा वास आला. भांड्याचं झाकण वाजलं. मग सासूबाईंचा आवाज आला, रोजचा, वैतागलेला, कामाच्या गडबडीतला.

"उनोस्के, भात निवतोय!"

आणि त्या एकदम थांबल्या. कुणाला हाक मारली ते त्यांना कळलं होतं, आणि मला कळल्याचंही त्यांना कळलं होतं. मला उठून आत जायला हवं होतं, त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. म्हातारी एकटी चुलीपुढे हात धरून बसली असणार. मी हातोडी खाली ठेवायला गेले.

पण रांग पुरी व्हायला थोडे दाणे बाकी होते. ते मारून झाल्यावरच मला उठता आलं.